पोरांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला जाताय? पहाटे निघा आणि पक्षी कमी दाखवा

नाशिकजवळच्या या पक्षी अभयारण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचं सगळंच चुकलं होतं. रविवार होता, आरामात उठून नऊ वाजता घर सोडलं, वाटेत मिसळ, मग रस्ता चुकलो, आणि गेटवर पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. डोक्यावर ऊन, पाणी आरशासारखं चमकतंय आणि लांबवर नुसते काळे ठिपके. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा, तो म्हणाला हे सगळे कावळे आहेत का. थोरलीने विचारलं इथे बोटिंग नाहीये का. पाऊण तासात गाडीत बसून परत. नवरा रस्ताभर गप्प होता कारण आयडिया त्याची होती.

त्यानंतर तीन हिवाळ्यांत चारपाच वेळा जाऊन आलो, आता पोरं स्वतःहून कधी जायचं विचारतात. मी काही पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही, अजूनही दहातली चार बदकं ओळखता येत नाहीत. पण लहान मुलांना घेऊन तिथे कसं जायचं हे आता बऱ्यापैकी कळलंय, आणि मैत्रिणी सारख्या विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी जागा काय आहे ते थोडक्यात, म्हणजे पोरांनी विचारलं तर सांगता येईल. निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा नदी मिळते, तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. पावसाळ्यात बातम्यांत येतं ना, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके इतके क्युसेक विसर्ग, तोच हा. बांधला होता कालव्यांना पाणी द्यायला, पण शंभरेक वर्षांत मागे गाळ साचत गेला, साचत गेला आणि पाणी उथळ झालं, मधे मधे गाळाची बेटं, कडेने पाणवनस्पती, बाभळी. धरण म्हणून ही अडचण, पण पक्ष्यांना हेच हवं असतं, कारण चिखलात पाय ठेवून उभं राहता आलं पाहिजे आणि चोच तळापर्यंत पोचली पाहिजे. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याची घोषणा झाली, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्याच्यानंतर. महाराष्ट्राचं भरतपूर असंही म्हणतात, मी ते राजस्थानातलं पक्ष्यांचं भरतपूर पाहिलेलं नाही त्यामुळे तुलना करत नाही.

कधी जायचं. थंडीतले पाहुणे ऑक्टोबरपासून यायला लागतात, पण आमच्या अनुभवाने डिसेंबर ते फेब्रुवारीचा मधला काळ मुलांसाठी बेस्ट, कारण तेव्हा संख्या एवढी असते की दुर्बीण नीट धरता न येणाऱ्या पोरालाही काहीतरी दिसतंच. एक गोष्ट मात्र फार कमी लोक सांगतात, ती म्हणजे पाण्याचं आवर्तन. वरच्या दारणा, गंगापूर धरणांमधून कालव्यांसाठी ठरावीक काळ पाणी सोडतात ते इथूनच जातं. आवर्तन चालू असेल आणि बंधारा काठोकाठ भरला असेल तर चिखल दिसत नाही, चिखलात चरणारे छोटे पक्षी दुसरीकडे जातात आणि बदकंसुद्धा लांब लांब पसरतात. पाणी थोडं उतरलेलं असेल तर मजाच वेगळी, सगळे काठाला. त्यामुळे निघायच्या आधी निफाडकडचं कोणी ओळखीचं असेल, किंवा आधी गेल्यावर तिथल्या गाईडचा नंबर घेऊन ठेवला असेल, तर एक फोन करून पाणी कसंय विचारायचं. पक्षी आहेत का असं विचारू नका, हो आहेत ना या असंच उत्तर मिळतं, पाणी विचारा.

वेळ म्हणजे पहाट. यात तडजोड नाही. सूर्य वर यायच्या सुमारास गेटवर पाहिजे. नाशिकहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे साडेपाचला निघा. लहान मुलांना उठवायचं कसं, तर उठवायचंच नाही, रात्री झोपतानाच स्वेटर-पॅन्ट घालून झोपवायचं आणि पांघरुणासकट उचलून गाडीत टाकायचं, गेटवर गेल्यावर तोंड धुवायचं. आम्ही हेच करतो. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी नाशिकला किंवा निफाडजवळ मुक्काम करा, पहाटे दोनला निघून मुलांना आणायचा पराक्रम नको, मुलं झोपेत, आईबाप चिडलेले आणि पक्षी मजेत असं होतं ते. सकाळी अजिबातच जमत नसेल तर दुपारी साडेतीननंतर जा, संध्याकाळी बगळे-करकोचे थव्याने झाडांवर मुक्कामाला येतात तेही मुलांना आवडतं. अकरा ते तीन मात्र जाऊच नका, आमचं सांगून झालंय वर.

थंडी हलक्यात घेऊ नका. निफाडचा पारा महाराष्ट्रात गाजलेला आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात, २०१८ च्या डिसेंबरात दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्यात पाण्यावरून येणारा वारा. आणि नऊ वाजले की तेच ऊन चटके देतं. म्हणून एक जाड जॅकेट नको, दोनतीन पातळ कपडे एकावर एक, कानटोपी, हातमोजे, आतमध्ये साधा टीशर्ट. रंग मातकट, हिरवे, राखाडी. पांढरा, लाल, भडक गुलाबी नको. आमच्या थोरलीकडे मातकट रंगाचं काहीच नव्हतं, शेवटी बाबांचा जुना खाकी शर्ट झग्यासारखा घातला आणि त्यातच ती खूश, जंगलवाली झाले म्हणे.

आता रस्ता, कारण इथेच लोक फसतात. मॅपवर नुसतं नांदूर टाकलंत तर नाशिक शहरातलाच नांदूर नाका येतो. नांदूर मध्यमेश्वर टाकलं तर काही वेळा बंधाऱ्याच्या गावात नेऊन सोडतो. पक्षी बघायला जायचं ते चापडगाव, तिथे वनखात्याचं गेट, तिकीट आणि मनोरे आहेत. चापडगावंही एकाहून जास्त आहेत, सिन्नर तालुक्यातही एक आहे, तर निफाड तालुक्यातलंच आहे ना हे बघून घ्या. नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रोडने चांदोरी, तिथून सायखेड्याकडे वळायचं असा एक रस्ता, नाहीतर सरळ निफाडला जाऊन आत यायचं. पुण्याहून येणारे सिन्नरवरून वळतात. उसाचे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही, अंधारात सावकाश चालवा. आणि गाडीत पेट्रोल, पैसे सुटे, हे आधीच.

तिकीट फार नाही, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे घेतात. गेटवर गावातलेच गाईड असतात, त्यांच्याकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते. माझा सल्ला, गाईड घ्याच. मुलं असतील तर नक्कीच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हातातली दुर्बीण जमत नाही हो, त्याला दोन डोळ्यांनी एकच चित्र दिसत नाही, हलते, जड लागते आणि दोन मिनिटांत तो दुर्बीण उलटी धरून ताई किती लांब गेली बघ म्हणून हसत बसतो. स्टँडच्या दुर्बिणीत गाईड पक्षी लावून देतो, मुलाने फक्त डोळा लावायचा. त्या भिंगात चमच्याची चोच पहिल्यांदा दिसली तेव्हा धाकट्याने डोळा काढून पाण्याकडे बघितलं, परत लावला, परत काढला, आणि मला म्हणाला आई हा खरा आहे. गाईडला आधीच सांगून ठेवा की दादा, आम्हाला दुर्मिळ काही नको, जवळचं आणि हलणारं दाखवा. नाहीतर ते बिचारे उत्साहाने लांबच्या बेटावरचा एखादा तपकिरी पक्षी शोधून देतात, मोठ्या फोटोग्राफर लोकांना तो हवा असतो, आपल्या पोरांना तो दगड वाटतो.

स्वतःची दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ वाली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरते, मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका, जितकं जास्त मोठं दिसतं तितकी ती हातात जास्त थरथरते. आठ-नऊ वर्षांच्या पुढे मुलांना जमते. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय हातात द्यायची नाही, हे मी एका फुटलेल्या भिंगानंतर शिकले.

आता मुख्य मुद्दा, पक्षी कमी दाखवायचे. इथे दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे आणि आपल्याला वाटतं एवढ्या लांब आलोय तर सगळं दाखवू. हा बघ राखी बगळा, तो बघ जांभळा बगळा, तिकडे बघ. वीस मिनिटांत मुलाचा चेहरा शाळेत बसल्यासारखा होतो. आम्ही आता प्रत्येकाला दोन पक्षी वाटून देतो, गाडीतच. हे तुझे, ते तुझे, तू तुझे शोधायचे, बाकीचे दिसले तर बोनस. आणि निवडताना नाव बघून निवडायचं, कारण मराठीत नावं काय सुंदर आहेत, नावावरूनच पक्षी ओळखता येतो.

सगळ्यात सोपा वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि एकटा कधी नाहीच, दिंडीच्या दिंडी पाण्यावर. उडताना आधी पाण्यावर धावत सुटतात, पट पट पट पट आवाज येतो, हे बघून मुलं हसली नाहीत असं झालेलं नाही. मग हळदीकुंकू बदक, चोच काळी, टोकाला हळदीचा पिवळा आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. हे नाव सांगितलं तेव्हा सासूबाईसुद्धा दुर्बिणीसाठी रांगेत उभ्या राहिल्या. चमचा, त्याची चोच खरंच चमचा आणि तो पाण्यात डावीकडे उजवीकडे पळी फिरवल्यासारखी फिरवत चालतो. शेकाट्या, लाल काड्यांवर चालल्यासारखा. तलवार बदक, त्याची शेपटी टोकदार असते. थापट्या, फावड्यासारखी चोच पाण्यावर घासत पोहतो. चित्रबलाक तर मोठाच असतो, पाठीमागे गुलाबी रंग सांडल्यासारखा, तो दुर्बिणीशिवायही दिसतो.

जांभळी पाणकोंबडी विसरू नका, कडेच्या गवतात असते, जांभळी-निळी आणि लाल चोच, एका पायाने देठ धरून खाते, अगदी आपण शेंग धरून खातो तशी. थोरलीचा हा फेवरेट. कमळपक्षी पण जलपर्णीच्या पानांवरून चालतो, बोटं लांबच लांब असल्यामुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही. कमळपक्ष्यात अंडी बाबा उबवतात आणि पिल्लंही बाबाच सांभाळतात, हे सांगितल्यावर आमच्याकडे घरी काय चर्चा झाली ते इथे लिहीत नाही.

पाणकावळा खुंटावर पंख पसरून उभा दिसेल, मुलं विचारतात हा असा का उभा, तर बदकांची पिसं पाणी झटकतात तशी त्याची पूर्ण झटकत नाहीत, बुडी मारून मासे धरायला ते बरंच आहे पण नंतर वाळवत बसावं लागतं. आणि टिबुकली, एवढीशी, दिसली की लगेच बुडी, मग कुठे वर येणार यावर पैज लावायची. आम्ही एका टिबुकलीवर वीस मिनिटं काढली आहेत. एका फोटोग्राफर काकांनी आमच्याकडे असं बघितलं की काय लोक आहेत, पण पोरं वीस मिनिटं शांत बसली होती हे त्यांना काय कळणार.

एक सीन मात्र कोणाच्या हातात नाही. दलदलीवरून एक हारिण, म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी, खालून खालून तरंगत येतो आणि तो आला की अख्ख्या पाण्यावरची बदकं एकदम उठतात. शेकडो. आवाज असा येतो की पोटात जाणवतो. एकदा बसली की परत उठतात. हे बघायला मिळावं म्हणून मनोऱ्यावर किमान तासभर एका जागी बसायचं, इकडून तिकडे फिरत राहिलं की हे हुकतं. आणि हो, बदकं उडताना छान दिसतात म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे महाभाग असतात. हजारो किलोमीटर उडून आलेली असतात ती, इथे चरून परत जायची ताकद साठवत असतात, प्रत्येक उगाचच्या उड्डाणात ती ताकद जाते. ब्राह्मणी बदक, ज्याला चक्रवाक म्हणतात, ते लडाख-तिबेटकडे वीण करतं, तिथून इथपर्यंत. मुलांना एवढं सांगितलं की तीच दुसऱ्यांना गप्प करतात, आमच्या धाकट्याने एका कॉलेजच्या ग्रुपला शू केलंय, मला लपावंसं वाटलं.

मुलं किती वेळ शांत राहतात, तर नाही राहत. पंचेचाळीस मिनिटं फार झाली. म्हणून मधे ब्रेक पाहिजेच, मनोऱ्यावरून खाली उतरायचं, पायवाटेवर मोकळं सोडायचं, तिथे मोठ्याने बोलू द्यायचं. खाऊ असा न्या की ज्याचा कागद वाजत नाही, चिप्सचं पाकीट उघडलं की अख्खा मनोरा वळून बघतो. आम्ही डब्यात धपाटे, गूळपोळी, केळी, आणि थर्मासमध्ये गरम दूध नेतो. कचरा परत पिशवीत. पक्ष्यांना काही टाकायचं नाही, चुरमुरे नाही, पाव नाही, ती सवय नाशिकच्या गंगाघाटावरच्या कबुतरांची, इथे नको. स्पीकर आणणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, ब्लड प्रेशर वाढतं. ड्रोनला अभयारण्यात परवानगी लागते, तोही घरी ठेवा.

सोबत बाकी काय, तर पाण्याच्या बाटल्या भरून, एक चादर बसायला, बुटांचा जुना जोड, एक जास्तीची पॅन्ट आणि मोजे कारण कोणाचा तरी एक पाय चिखलात जाणारच. वॉशरूम गेटजवळच उरकून घ्या, आत गेलात की मग अडचण, आणि लहान मुलाला हे नेमकं मनोऱ्यावर चढल्यावरच आठवतं. छोट्यांना मनोऱ्याच्या जिन्यावर एकटं सोडू नका, वर कठड्याला टेकून उभं राहू देऊ नका.

सेफ्टीचं थोडं सिरीयसली घ्या. काठ जिथे सुका दिसतो तिथे वर नुसती पापडी असते आणि खाली गाळ, मोठ्या माणसाचाही गुडघ्यापर्यंत पाय जातो, त्यामुळे पाण्याजवळ जायचं नाही हा नियम घरूनच सांगून निघायचं. कालव्याच्या कडेला फोटो काढायला थांबू नका, पाण्याला ओढ असते. आणि निफाड हा बिबट्यांचा तालुका आहे, ऊस आहे तिथे बिबट्या आहे असं धरूनच गावातले लोक वागतात. घाबरायचं कारण नाही, पण अंधारात मुलं पुढे पळत जाणार नाहीत, उसाच्या शेतात शू करायला कोणी शिरणार नाही, आणि संध्याकाळी गेलात तर उजेड आहे तोवर गाडीत, एवढं पाळा.

अगदी तान्हं बाळ असेल तर नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण थंडी आणि डास बघता एखादं वर्ष थांबलात तर काही बिघडत नाही. तीन-चार वर्षांच्यांना पक्ष्यांपेक्षा म्हशी, गोगलगायींचे रिकामे शंख आणि चिखलातले पायाचे ठसे जास्त आवडतात, आवडू द्या. टीनएजवाल्यांना कॅमेरा द्या नाहीतर मोबाइलवर पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप द्या, तेवढाच मोबाइल सत्कारणी. फक्त ॲपमधून पक्ष्यांचे आवाज वाजवू देऊ नका.

नऊ-साडेनऊला ऊन तापलं की निघायचं, मुलं अजून थांबू म्हणत असतील तेव्हाच निघायचं, म्हणजे पुढच्या वेळेला यायला तयार असतात. येताना नांदूर मध्यमेश्वर गावातलं मध्यमेश्वराचं जुनं देऊळ बघता येतं, बंधाराही बघा, हे पाणी इथे का थांबलं ते तिथे डोळ्याने दिसतं. जेवायला रस्त्यात पिठलं-भाकरी, मिसळ मिळतेच. जानेवारीनंतर गेलात तर द्राक्षांचा सीझन असतो, रस्त्याकडेला मळ्यातली ताजी पेटी मिळते, घासाघीस करा. चवीला एखादा मणी मागून घ्या आधी, दिसायला सगळीच चांगली असतात.

घरी आल्यावर आम्ही वहीत लिहितो, काय किती दिसलं. मागच्या वेळची थोरलीची यादी एकदम व्यवस्थित, तारीख, वेळ, पाण्याची पातळी, चौदा जाती. धाकट्याची यादी अशी: वारकरी खूप. हळदीकुंकू २. टिबुकली १ किंवा ५. म्हैस ११. त्या म्हशींपैकी तीनच्या पाठीवर गायबगळे बसले होते, ते त्याने मोजलेच नव्हते, आणि आता ते मोजायला परत जायचंय म्हणतो. आवर्तन बंद झालं की फोन करा असं गाईडदादांना सांगून ठेवलंय.